भाषांतर झाले, कटऑफचे काय?

मा. संपादक,

स्त्रियांच्या लैंगिक तक्रारी हेरण्यासाठी परदेशी प्रश्नावल्या मराठीत आणायलाच हव्यात. विचारल्याशिवाय ओपीडीत हा विषय सहसा कोणी काढत नाही. पण ‘अल्फा 0.9 आला, प्रश्नावली प्रमाणित झाली’ हा समज घातक आहे. प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढेच अल्फा हा सांख्यिकी निर्देशांक सांगतो.

सर्रास वापरली जाणारी एफएसएफआय (फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स) घ्या. ही 2000 साली प्रसिद्ध झालेली 19 प्रश्नांची प्रश्नावली गेल्या 4 आठवड्यांबद्दल विचारते. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामपूर्ती, समाधान आणि वेदना या सहा भागांचे मिळून कमाल गुण 36. बेरीज 26.55 किंवा कमी आली, की समस्या असण्याची शक्यता धरतात. हा कटऑफ, म्हणजे सीमारेषेचा आकडा, 2005 साली परदेशातील स्त्रियांच्या माहितीवरून ठरला.

आता खाच पाहा. 19 पैकी 15 प्रश्नांत ‘संबंध आला नाही’ किंवा ‘प्रयत्न केला नाही’ याला शून्य गुण आहेत. नवरा जहाजावर किंवा आखातात असेल आणि चार आठवड्यांत काहीच घडले नसेल, तर इच्छेचे 6 आणि समाधानाचे 4 मिळून बाईला फार तर 10 गुण पडतात, मग ती ठणठणीत का असेना. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे आणि मुलांसह राहणाऱ्या जोडप्याचेही असे महिने जातात. अशा स्त्रियांचे गुण बेरजेत धरूच नयेत. त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. आधी हक्कधारकांची परवानगी. मग दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, त्यातला एक वैद्यकाबाहेरचा हवा. दोन्ही मसुदे जुळवून, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीचे पुन्हा मूळ भाषेत, घ्यायचे. गंमत अशी, की पुस्तकी मराठी उलट भाषांतरात हमखास उत्तीर्ण होते. खरी परीक्षा पुढे, 30 ते 40 स्त्रियांशी प्रश्नागणिक बोलताना. ‘योनीतला ओलावा’ म्हटल्यावर बरीच जणी अंगावरून पांढरे जाण्याबद्दल सांगू लागतात, आणि जंतुसंसर्गाची तक्रार उत्तम गुण मिळवून जाते. वेदनेच्या भागात पर्यायांचा क्रम उलटा असतो: ‘जवळजवळ नेहमी’ला 1, ‘जवळजवळ कधीच नाही’ला 5. घाईत भरताना इथे घोळ होतो. ही प्रश्नावली स्वतः भरायची आहे. आरोग्यसेविकेने वाचून दाखवली, तर त्या पद्धतीची चाचणी वेगळी घ्यावी लागते. सोबतच्या नणंदेला बाहेर बसवणे हा शिष्टाचार नव्हे, पद्धतीचाच भाग आहे. कोरे सोडलेले प्रश्न शून्य धरू नयेत. कोणता प्रश्न किती जणींनी सोडला, हे अहवालात छापावे.

गुण स्थिर राहतात का हे पाहण्यासाठी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणे, म्हणजे पुनर्चाचणी, साधारण दोन आठवड्यांनी, उपचार सुरू न झालेल्या स्त्रियांवर. मधल्या काळात बाई एकटीच गणपतीला कोकणात जाऊन आली असेल, तर बदललेले गुण प्रश्नावलीचा दोष ठरत नाहीत.

सर्वांत जास्त टाळले जाते ते शेवटचे काम. गुण माहीत नसलेल्या डॉक्टरने प्रत्येकीची मुलाखत घ्यायची आणि तिच्याशी ताडून इथला कटऑफ काढायचा. डीएसएम-5 या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार निदानाला साधारण सहा महिने टिकलेली तक्रार आणि त्याबद्दल स्त्रीला होणारा मनस्ताप, दोन्ही लागतात. एफएसएफआय मनस्ताप मोजतच नाही. त्यासाठी 13 प्रश्नांची एफएसडीएस-आर जोडावी लागते, आणि तिचेही प्रमाणीकरण आलेच.

समजा, 1000 स्त्रियांत 100 जणींना खरोखर समस्या आहे आणि प्रश्नावलीची संवेदनशीलता (समस्या असलेल्यांना हेरणे) व विशिष्टता (समस्या नसलेल्यांना वगळणे) प्रत्येकी 80 टक्के आहे. 80 जणी सापडतील, पण उरलेल्या 900 पैकी 180 जणींवरही शिक्का बसेल. म्हणून केसपेपरवर निदान न लिहिता ‘मुलाखत आवश्यक’ एवढेच लिहावे, आणि ती मुलाखत कोण, कोणत्या दिवशी घेणार हे प्रश्नावलीच्या छपाईआधी ठरवावे.

— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, परळ, मुंबई