आप्पा, तुमचे गुडघ्यांवर ठेवलेले हात

आदरणीय आप्पा,
सा. न.

तुम्ही या उन्हाळ्यापासून विमान उडवायला शिकवणं थांबवलंत असं कळलं. निरोप समारंभ तुम्हाला चालला नसता, हार तर त्याहून नाही. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण खान्देशातली आणखी पोरं या धंद्यात येताहेत आणि आपल्याला नेमकं काय शिकायचं आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे आम्ही भरमसाट फी भरली, त्यांचं एकच पालुपद होतं: दोनशे तास भरा, लायसन्स घ्या, पुढे एअरलाइनमध्ये सगळं ऑटोपायलटच करतो. विद्यार्थ्याचं विमान जरा डळमळलं की ते झडप घालून कंट्रोल ओढून घ्यायचे. त्या दोनशे तासांतले किती खरोखर विद्यार्थ्याच्या हातचे, हे लॉगबुकात कुठे दिसत नाही.

तुम्ही लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची एक गोल चकती कापून ठेवली होती. सेसना १७२ हे शिकाऊंचं छोटं विमान सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, आलं की चिकटपट्टीने ती स्पीड इंडिकेटरवर लावायची आणि मग आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, समोरच्याला दिसतील असे. तोंडातून शब्द नाही. स्पीडचा काटा नसतानाही फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) २० अंश, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास आणि नाक क्षितिजाच्या किंचित खाली असं धरलं की विमान ६५-७० नॉटवर (ताशी सागरी मैल) येतंच, हे पुस्तकात वाचून पटत नाही. तुमचे हात गुडघ्यांवर असताना ते पटलं. तुम्ही घाबरत नव्हता, म्हणून समोरचाही घाबरला नाही. आणि गरज पडली असती तर ते हात अर्ध्या सेकंदात कंट्रोलवर आले असते, हेही ठाऊक होतं. आभार मुख्यतः या एका गोष्टीचे आहेत, आप्पा.

त्या चकतीची किंमत मोठ्या विमानात कळते. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्या, म्हणजे स्पीड मोजणाऱ्या नळ्या, १ जून २००९ ला बर्फाच्या कणांनी बुजल्या. स्पीड चुकीचा दिसू लागला, ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या होत्या. विमान पस्तीस हजार फुटांवर सरळ चाललेलं होतं. नाक आणि थ्रस्ट (इंजिनांचा जोर) होते तसे राखले असते तर ते उडत राहिलं असतं. पण नाक वर ओढलं गेलं, विमान अडतीस हजारांपर्यंत चढलं आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांनी उचलून धरणं सोडलं. नाक वरच राहिलं आणि सुमारे साडेतीन मिनिटांत ते समुद्रात गेलं. २२८ माणसं. एअरबस ए३२० वर स्पीड भरवशाचा नसेल तर तोंडपाठ असायचे आकडे तीनच: टेकऑफनंतर थ्रस्ट कमी करण्याच्या उंचीखाली नाक १५ अंश वर आणि टोगा (टेकऑफचा पूर्ण जोर), तिथून वर पण दहा हजार फुटांखाली १० अंश आणि क्लाइंब थ्रस्ट (चढाईचा जोर), दहा हजारांवर ५ अंश आणि क्लाइंब थ्रस्ट. पाठांतर कुणीही करतं. खरं कसब हे की स्पीड नाहीसा झाला तर हाताला आपोआप ओढायची उबळ येऊ नये.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नांची. चहा पितानासुद्धा तुम्ही अहिराणीत विचारायचात, "इमान आते काय करी ऱ्हायनं? मंग काय करी?" (विमान आता काय करतंय? मग काय करेल?) आज वैमानिकाच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. पूर्वी हात विमान उडवायचे, आता डोळे मशीनवर पहारा देतात, आणि पहारा देणं हाताने उडवण्यापेक्षा अवघड आहे, कारण तासन्तास काहीच घडत नाही. एअरबसवर ऑटोपायलटचा नॉब आत दाबला तर हिशेब कॉम्प्युटरकडे, बाहेर ओढला तर आकडा आपला. उतरताना उंचीचा नॉब ओढला की ओपन डिसेंट लागतो: इंजिन आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर, जातं आणि स्पीड फक्त नाकाने राखला जातो. त्या मोडमध्ये कुणी नाक वर धरलं तर स्पीड गळत जातो. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं ६०५ असंच आयडलवर उतरत धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ गेले. चूक लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता, कारण आयडलवरच्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला सहा-आठ सेकंद लागतात. म्हणून तुम्ही सांगायचात: बटण दाबलंस की बोटाकडे बघू नको, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत कोणता मोड उमटला ते मोठ्याने वाच. नॉब फिरवला म्हणजे मोड लागलाच असं नसतं.

उतरण्याचा तोंडी हिशेबही तुमचाच. उंचीच्या हजारांना तीनने गुणा, तेवढ्या सागरी मैलांवरून उतरायला लागा: तीस हजार फुटांना नव्वद मैल. ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या मानाने वेगाला) पाचने गुणा, तेवढ्या फुटांनी मिनिटाला खाली या: १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. कॉम्प्युटरने रेघ काढून दिली तरी तिच्याशी डोक्यातला आकडा ताडून बघायचा. दोन्हीत फार अंतर पडलं तर चूक बहुतेक आपण कॉम्प्युटरला भरलेल्या माहितीत असते: एखादं चुकीचं नाव, विसरलेलं उंचीचं बंधन.

भुसावळकडचं मे महिन्यातलं ऊन तर कोणत्याच स्क्रीनवर दिसत नाही. ४४ अंशांना आपल्याकडची हवा इतकी विरळ होते की समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवरची धावपट्टी विमानाला सुमारे साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी वागते. टेकऑफला पट्टी जास्त लागते आणि चढाई मरगळते. तुम्ही पहाटे साडेपाचला बोलवायचात ते त्यासाठी, आणि दुपारी मुद्दाम एकदा न्यायचात तेही त्यासाठीच.

तुमचं सौजन्य हाही याच धड्याचा भाग होता, असं आता वाटतं. कॉकपिटमध्ये दुसऱ्याचं काम बघणं आणि वेळेवर "स्पीड!" म्हणणं हे असतं. ज्याला शिकताना प्रत्येक चुकीवर हाडूतहुडूत झाली, तो कॅप्टनला वेळेवर टोकत नाही, गप्प बसतो. तुमच्याकडे वडील केळीच्या बागेत मजूर असलेलं पोरगंही "आप्पा, मला कळलं नाही" असं बेधडक म्हणायचं आणि तुम्ही तेच परत पहिल्यापासून सांगायचात, त्याच आवाजात. जास्तीच्या ब्रीफिंगचे पैसे तुम्ही कुणाकडून कधी घेतले नाहीत, हेही इथे लिहून ठेवतो.

चकती आता नव्या बॅचकडे दिली आहे. कडा झिजल्यात, एक बाजू दोनदा चिकटवली आहे. पत्रिकेवरचा गणपती अजून स्पष्ट दिसतो.

तुमची,
तापीकाठची पोरं