सोहमच्या उड्या आणि मुक्ताचा पाय

नागपूर

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात सगळे इकडे येताय हे वाचून आईनं कूलरला नवी खस लावून घेतली. सोहमनं विचारलंय, काका ट्रॅम्पोलिनवर नेणार का म्हणून. त्याला नेईन. पण धाकट्या मुक्ताला त्याच्यासोबत चढू देणार नाही, आणि हे तुला आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे पोचल्यावर पोट्टे ऐकत नाहीत.

माझी भाची गेल्या हिवाळ्यात एका वाढदिवसाला गेली होती. मनीषनगरकडचं लॉन, कोपऱ्यात भाड्यानं आणलेलं ट्रॅम्पोलिन, भोवती जाळी. ती तीन वर्षांची, सोबत दहा-अकरा वर्षांची चार पोरं. ती पडली नाही, कुणी तिला धक्काही दिला नाही. उडता उडता मटकन खाली बसली आणि रडायला लागली. सकाळी पाय जमिनीला टेकवेना. सूज जेमतेम, म्हणून शेजारच्या काकू म्हणाल्या, लचकलं असेल, तेल लावून चोळून घ्या. ताईनं चोळू दिलं नाही, हे फार बरं केलं. एक्स-रेत गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडावर, केसासारखी रेघ होती. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली तेव्हा आम्हाला दिसली.

न पडता हाड कसं मोडतं, हे त्यांनीच समजावलं. जड पोरगा उतरतो तेव्हा ट्रॅम्पोलिनची ताणलेली चादर खोल दबते आणि जोरानं वर येते. नेमकं त्याच वेळी लहान पोर खाली येत असलं, की वर येणारी चादर तिच्या पायावर आदळते. मोठ्याच्या वजनाचा सगळा जोर त्या कोवळ्या हाडात जातो. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे इतकं ठरलेलं आहे, की हाडाचे डॉक्टर त्याला ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चरच म्हणतात.

मग मी वाचत बसलो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनं, 1999 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये सांगितलं, की घरी करमणुकीसाठी ट्रॅम्पोलिन नकोच. सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून जास्त जण एकदम उड्या मारताना होतात, आणि सर्वांत लहान पोराला धोका मोठ्याच्या 14 पटींपर्यंत. सहा वर्षांखालच्यांची हाडं जास्त मोडतात. जाळीच्या भरवशावर राहू नकोस. जाळी फार तर बाहेर पडू देत नाही, पण भाचीचा पाय जाळीच्या आतच मोडला. मोठं माणूस बाजूला उभं असतानाही असे अपघात होतात. आमच्या घरची चार माणसं तिथेच होती.

सोहमचं म्हणशील तर तो दहाचा आहे, एकटा उडाला तर माझी हरकत नाही. फक्त कोलांटी नाही, पुढूनही नाही आणि मागूनही नाही. मानेवर पडला तर मणक्याचं दुखणं जन्माचं होऊ शकतं. ऑलिंपिकमध्ये 2000 पासून हा खेळ आहे, पण तिथे एका वेळी एकच खेळाडू उडतो आणि त्यामागे वर्षानुवर्षांचं शिक्षण असतं. शनिवारी संध्याकाळी आपल्या इकडच्या पार्कात काय गर्दी असते, तू पाहिलीच आहेस. म्हणून आपण कामाच्या दिवशी सकाळी जाऊ.

भाचीचं प्लॅस्टर निघालं, आता ती पळते. गुडघ्याखाली पाय आत-बाहेर वळतोय का, ते अजून काही काळ बघत राहायला सांगितलंय. बहुतेक वेळा आपोआप सरळ होतो म्हणाले, पण ताई रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही पाय जुळवून पाहते. मला ते बघवत नाही रे.

मुक्ताला मी महाराजबागेत नेतो, तिथे प्राणी बघण्यात तिचा वेळ मजेत जाईल. वहिनींना हे पत्र वाचायला दे. आणि तिकडे कुणाच्या वाढदिवसाला असलं काही दिसलं, तर संकोच न करता मुक्ताला उचलून घे. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
विन्या