पहिला मुक्काम आंडरमाटला कर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री मिळाला. सप्टेंबरात नऊ दिवसांची रजा, सूनबाई बरोबर, आणि तुझी पोर्शे. स्टुटगार्टहून नीसला जायचं, समुद्रकाठी दोन दिवस राहायचं आणि येताना फ्रान्सच्या आल्प्समधले घाट करत परतायचं. नकाशावर रेघ ओढून पाठवलीस ती मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. सगळं आवडलं, फक्त पहिला दिवस आवडला नाही. शुक्रवारी ऑफिस करून रात्री बॅगा भरायच्या आणि शनिवारी पहाटे निघून एका दमात आठशेच्या वर किलोमीटर. फोनवर सांगायला गेलो की "हो अण्णा, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहायला बसलो.

गाडी घेतलीस याचा मला आनंदच आहे. किंमत ऐकून मी गप्प झालो होतो, ते तुला लागलं असेल. पण सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर तू हीच गाडी काढायचास, गोल दिवे आणि मागे उतरत गेलेलं छप्पर. आता स्वतःच्या कमाईने घेतलीस, तीही हौसेने. ती झाकून ठेवण्यासाठी नाही. लांब जा, घाट चढ, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या जुलैत मला शेजारी बसवून स्वित्झर्लंडमधल्या फुर्का घाटात नेलंस, तो दिवस रोज एकदा तरी आठवतो. २४२९ मीटर उंची. आपला कुंभार्ली त्याच्यापुढे लहान, पण घाटाची जात एकच. रेआल्पकडून चढताना रस्ता इतका अरुंद की कडेला सलग कठडासुद्धा नाही, नुसते दगडी खांब. वळणापलीकडून तीन सुरांचा हॉर्न आला आणि तू लगेच थांबलास. पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथली एसटीच, उतरत होती. निळ्या पाटीवर पिवळा कर्णा दिसला की त्या रस्त्यावर मान बसचा, तिच्या ड्रायव्हरने गाडी मागे घ्या म्हटलं तर मागे घ्यायची, हे तूच मला सांगितलंस. आणि घेतलीसही, साठ-सत्तर फूट, आरशात बघत, सावकाश. बस निघून गेली. जाताना त्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरची दोन बोटं तेवढी उचलली.

बाळा, चिपळूण–कराड मी एकतीस वर्षं एसटी चालवली. घाट चढून येणाऱ्या एसटीला वाट देताना मोटारवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या रोज पाहिल्या. आणि इथे साडेचारशे हॉर्सपॉवरची गाडी एका बससाठी मागे येत होती, ती मागे घेणारा माझा मुलगा होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो ना, डोळे भरून आले होते म्हणून.

त्याच दिवशी आणखी एक पाहिलं, ते मात्र बोललो नाही. परतताना जर्मनीच्या आउटोबान महामार्गावर काटा १९०वर होता आणि मला वाटलं नव्वद असेल. एसटी साठाला गेली की गिअरचा दांडा थरथरतो, काचा वाजतात, मणक्याला कळतं. तुझ्या गाडीत कशालाच काही कळत नाही. सीट अंगाला धरून बसते, आवाज मागून येतो तोही गोड. तिथे मर्यादा नसलेल्या पट्ट्यातही १३०चा वेग सुचवलेला आहे, तो उगाच नाही. गाडी तीनशे पळेल, माझा तिच्यावर विश्वास आहे. पण चालवणारा किती दमलाय हे ती सांगणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो. आजवर कुणालाच सांगितली नाही. १९९६ साली मामाची जीप घेऊन आपण तुळजापूरला गेलो होतो. तू चार वर्षांचा होतास. मी आदल्या रात्री मुक्कामी गाडी करून आलो होतो, झोप झालीच नव्हती. तरी त्याच दिवशी निघालो, दर्शन झाल्यावर मुक्काम करा म्हणून तुझी आई विनवत होती. मी म्हटलं, मला रस्त्याची सवय आहे, रातोरात घरी पोचू. विटा सोडलं आणि पुढचं मला आठवत नाही. जाग आली ती डाव्या चाकाखालच्या खडीच्या आवाजाने. जीप साइडपट्टीवर उतरली होती आणि समोर मैलाचा दगड. स्टिअरिंग ओढलं, दगड बंपरला घासून गेला. मागे वळून पाहिलं तर तू आईच्या मांडीवर झोपलेला, तिचाही डोळा लागलेला. तुम्हा दोघांना काही कळलं नाही. मी गाडी बाभळीखाली उभी केली, खाली उतरलो आणि मामाच्या जीपला धरून किती तरी वेळ उभा राहिलो. पाय उचलत नव्हते. सकाळी तुझ्या आईने विचारलं, वाटेत का थांबला होतात? इंजिन तापलं होतं म्हणून सांगितलं.

नंतर एकदा हिशेब केला. वेग पन्नासचा असेल. तीन सेकंद डोळा लागला म्हणजे जीप ४० मीटर आपली आपण गेली. तुझी गाडी दोनशेवर असेल तर त्याच तीन सेकंदांत १६५ मीटर. मैलाचा दगड सुटला म्हणून मी आज हे लिहितोय.

तेव्हा माझं ऐक. शनिवारी नीस नको. सकाळी नीट झोपून उठ, नाश्ता करून दहाला नीघ आणि पहिला मुक्काम फुर्काच्या पायथ्याच्या आंडरमाटला कर. साडेतीनशेच्या आत अंतर आहे, उजेडी पोचाल. सूनबाईला तो फुर्का दाखवायचा राहिलाय, संध्याकाळी तिथवर जाऊन या. रविवारी ताजेतवाने नीसकडे निघा. दर दोन तासांनी थांबायचं, भूक असो-नसो.

स्वित्झर्लंडमध्ये हात आवर. ८०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ६०ने जास्त गेलास तर तिथे तो फौजदारी गुन्हा, हेही तूच बोलला होतास.

टायरची मला खरी काळजी आहे. या गाडीला स्टेपनी नाही, पंक्चर बुजवायचं डबाभर सीलंट आणि हवेचा छोटा पंप एवढंच. खिळ्याला ते चालेल, बाजूला चीर गेली तर काही उपयोग नाही. पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे, आलटून-पालटूनही चालवता येणार नाहीत. निघायच्या आठवडाभर आधी मागच्या दोन्हींची नक्षी किती उरली ती पाहा. ३०५ मिलिमीटर रुंदीचा टायर, नक्षी झिजली की पावसात पाण्यावर तरंगतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मापायची. आणि येतानाचा फ्रान्समधला इझरांचा घाट २७६४ मीटरवर आहे. सप्टेंबरातसुद्धा पहाटे तिथे थंडी कडक असेल. सातच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड कमी होते. घाट दहानंतर चढा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक कितीही मोठे असोत, सतत पाय ठेवला तर तापणारच. तुझ्या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणून आणखी एक. वळणात शिरण्याआधी सरळ रस्त्यावरच वेग मोड. वळणाच्या मध्ये घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलास तर मागचं वजन बाहेर फिरायला बघतं. वळण संपताना हलकं इंजिन दे, मग ती जमीन धरून निघते. फुर्काला तू हे बरोबर करत होतास. मी तुझ्या पायांकडे बघत होतो.

बॅगा मऊ कापडाच्या घे, पुढच्या डिकीत १३२ लिटरच जागा. मागच्या सीटवर सूनबाईचं स्वेटर आणि पाणी.

तुळजापूरचं आईला तू सांगू नकोस. इतकी वर्षं झाली, आता मीच सांगतो.

रोज मुक्कामाला पोचलास की फोन कर. तिथे रात्रीचे नऊ झाले तर इथे साडेबारा होतात, तरी कर. मी जागा असेन.

तुझे,
अण्णा