‘फक्त औषधांसाठी’ ही अट काढून टाक

परळ, मुंबई
१२ जानेवारी २०२५

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आपल्या दहावीच्या वर्गाने मिळून कर्करोगाच्या बालरुग्णांसाठी निधी जमवायचे ठरवले, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. हे पैसे फक्त औषधांवरच खर्च व्हावेत, ही त्यातली एक अट मात्र मला पटलेली नाही. ती काढून टाकावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातून सहा वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी आमच्या रुग्णालयात आला. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा हा प्रकार, उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुलांत बरा होतो; पण ते दोन ते अडीच वर्षे चालतात, आणि पहिल्या काही महिन्यांत केमोमुळे, म्हणजे कर्करोगाच्या तीव्र औषधांमुळे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की साधा ताप आला तरी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. म्हणून या काळात कुटुंबाला गावी परतता येत नाही, रुग्णालयाच्या आसपासच राहावे लागते. औषधांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. पण ही योजना रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचते. आमच्याकडे मुलाचे जेवण तिच्यात बसते, त्याच्या उशाशी बसलेल्या आईचे बसत नाही.

राहण्याची सोय करणारे लोक आहेत, नाहीत असे नाही. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा तुला ठाऊक आहे. सेंट ज्यूड या संस्थेची केंद्रे २००६ पासून अशा कुटुंबांना विनामूल्य ठेवून घेत आली आहेत. तरीही प्रत्येकाला जागा मिळत नाही, आणि उरलेली माणसे परळच्या पदपथावर प्लास्टिक बांधून राहतात.

ऑक्टोबरमध्ये त्या मुलाची आई डिस्चार्ज मागू लागली. फाइलवर शेरा पडला, ‘पालक उपचारांस तयार नाहीत’, आणि त्याखाली मीही सही केली. ती सही मला आजही बोचते. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून कागद मागितले, तेव्हा पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढताना एक प्रगतिपुस्तक खाली पडले. ते थोरल्या मुलीचे होते. बरोबर का आणले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “औंदा तिची साळा सुटायची बघा, म्हणून संगं ठिवलंय.”

मग सगळे उलगडले. नवरा-बायको ऊसतोडीला जातात. तिथे जोडप्याला मिळून एक कोयता धरतात, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. बाई मुंबईत अडकली तर नवऱ्याला अर्धा कोयता म्हणून जावे लागणार, उचल फिटणार नाही, आणि अकरा वर्षांची मुलगी गावी एकटी पडणार. त्या आईला मुलाचा आजार कळला नव्हता, असे मुळीच नाही. तिने दोन्ही लेकरांचा हिशेब मांडला होता आणि तो जुळत नव्हता.

आम्ही शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. स्थलांतरित ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तिकडे हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांपैकी एकात मुलीची सोय झाली. मुलाचा उपचार बहिणीच्या राहण्या-जेवणावर अडला होता, हे कोणत्याही तपासणीत आम्हाला दिसले नसते. खोलीच्या भाड्यासाठी एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला, तर औषधाचे बिल जोडा, असे उत्तर आले. शेवटी विभागातल्या सहा जणांनी भाडे वाटून घेतले. पण अशी किती भाडी आम्ही भरणार?

मेळघाटासारख्या आदिवासी भागात कुपोषित मूल दाखल झाले की सोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद शासनाने केली आहे. म्हणजे मूल आजारी पडले की घरातली मजुरी बुडते, हे सरकारी कागदावर आधीच मान्य झाले आहे. चौदा दिवसांच्या उपचारासाठी जे मान्य होते, ते अडीच वर्षांच्या उपचारासाठी का होऊ नये, असे मी दर बैठकीत विचारतो. तोवर तुमच्यासारख्यांच्या पैशाला ती मोकळीक असावी.

म्हणून पुढच्या रविवारच्या बैठकीत एवढेच मांड: भाडे, प्रवास, आईचे जेवण आणि शक्य झाल्यास बुडालेली मजुरी, यांसाठीही हा निधी वापरता यावा. पावती नसेल तिथे विभागाची लेखी नोंद ग्राह्य धरा. दर तीन महिन्यांनी पूर्ण हिशेब पाठवण्याची जबाबदारी माझी.

मुलगा सध्या बरा आहे. मुख्याध्यापक रोज संध्याकाळी सहा वाजता त्याच्या बहिणीला आपला फोन देतात, आणि तो पावणेसहापासूनच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर