नावं विचारायची राहिली, तरी आभार

मतदानाआधी आम्हा अपंग मतदारांचा सराव घेणाऱ्या तुम्हा चौघांची नावं विचारायची राहूनच गेली. म्हणून हे जाहीर आभार.

मत कुणाला द्यावं, हा विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत. नमुना मतपत्रिकेवर खाचांचा साचा ठेवलात आणि बोटांनी ओळी मोजत खूण कशी करायची, ते हाताला सवय होईपर्यंत करवून घेतलंत. (मी चिडलो होतो, तेही ऐकून घेतलंत.) संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारातलं कलम २९ तुमच्यामुळे कळलं: मत गुप्त राहिलं पाहिजे, आणि मदत लागलीच तर मदतनीस आपल्या पसंतीचा हवा. तोवर माझं मत भाऊच टाकायचा. कुणाला टाकलं, हे मी विचारतही नव्हतो.

कर्णबधिर मतदारांसाठी दिवसभर खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या ताई, तुमचेही आभार. आणि केंद्रावर भावाशी न बोलता थेट मला “तुम्हाला मदत हवी आहे का?” असं विचारणाऱ्या बाई, तुमचे तर फारच.

या वेळी खूण मीच केली. कुणापुढे, ते भावालाही सांगितलेलं नाही. तो अजून विचारतोय.