विंडोज बदलताना आधी ग्राहकाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे विंडोज ११ टाकून घेण्यासाठी अनेकजण आपला संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेत आहेत. तेथे पुष्कळदा 'फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो' एवढेच सांगितले जाते. चालू विंडोज न पुसता तिच्यावरच पुढची आवृत्ती चढवता येते, हे ग्राहकाच्या कानावरही येत नाही. मी गेली बावीस वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम करतो आणि ही सवय किती महागात पडते हे अनुभवल्यामुळेच हे पत्र लिहीत आहे.

कामाचा लॅपटॉप मी असाच एका दुकानात दिला होता. 'डेटा डी ड्राइव्हला आहे ना?' असे विचारण्यात आले आणि मी हो म्हणालो. डी ड्राइव्ह सुखरूप राहिला. पण फाँट सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात असतात आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही सहसा तेथेच असतात, याचा विचार ना त्यांनी केला ना मी. घरी येऊन एका स्मरणिकेची फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. युनिकोडच्या (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत काम केलेल्यांना हे दृश्य नवे नाही. कृतिदेवमध्ये टंकलेला 'मराठी' हा शब्द तो फाँट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांत दिसतो. कृतिदेव पुन्हा मिळाला, पण इतर काही जुन्या फाँटांची सीडी आता वाचलीच जात नाही, आणि डेस्कटॉपवरची तपासून झालेली मुद्रिते तर कायमचीच गेली.

विंडोज १० वरून थेट अपग्रेड केले असते तर फाँट, फाइली, प्रोग्रॅम आणि मराठी कीबोर्डची मांडणी जागच्या जागी राहिली असती. शिवाय जुनी विंडोज एका वेगळ्या फोल्डरात राखून ठेवली जाते आणि काही बिनसले तर दहा दिवसांच्या आत परत फिरता येते. फॉरमॅटनंतर तशी वाट उरत नाही.

डिस्क पुसून विंडोज नव्याने कधीच टाकू नये, असे माझे म्हणणे नाही. व्हायरसने पोखरलेला, दुसऱ्याकडून विकत घेतलेला किंवा चोरीची विंडोज असलेला संगणक पुसूनच घ्यावा. विंडोज ७ वरून तर ११ वर थेट अपग्रेड होतही नाही. मात्र तेव्हाही आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. ज्या संगणकात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही किंवा ज्याचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, त्यावर आडवाटेने ११ बसवून देणाऱ्यांनी पुढचे अपडेट मिळतील याची हमी नसते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. अशा घरगुती संगणकांसाठी विंडोज १० वरच नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. आणि मूळ विंडोज १० अधिकृत असेल, तर त्याच संगणकावर त्याच एडिशनची (होम, प्रो वगैरे) ११ टाकताना नवी परवाना-की विकत घ्यावी लागत नाही. तिचे पैसे मागितले तर कारण विचारावे.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केले, की पात्र संगणकांत डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे आतली माहिती कुलूपबंद करणे, आपोआप सुरू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. वेळ वाचावा म्हणून दुकानदाराने स्वतःचेच खाते वापरले, तर आपल्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे राहते. उद्या संगणकाने ती की मागितली आणि दुकान बंद झालेले असले, तर आतला एकही कागद हाती लागणार नाही.

म्हणून दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की संगणक ठेवून घेताना पावतीवर 'अपग्रेड' की 'फॉरमॅट' हे लिहावे, त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी आणि खाते ग्राहकाच्या समोर, त्याच्याच नावाने उघडून द्यावे.

आपला नम्र,
एक अक्षरजुळणी व्यावसायिक, सातारा