रेघेमागची गोष्टही शिकवा

महोदय,

पदवीला अर्थशास्त्र घेणारी बरीच मुले शेअर बाजार आणि बँका डोळ्यांसमोर ठेवून येतात आणि पुढ्यात येतो कॅल्क्युलस. गणिताबद्दल माझी तक्रार नाही. सीमान्त खर्चाची, म्हणजे आणखी एक नग बनवायला येणाऱ्या जादा खर्चाची, कल्पना त्याशिवाय नीट उमगत नाही. तक्रार आहे ती या कल्पनांमागचा इतिहास गाळण्याची.

फिलिप्स वक्र घ्या. बेरोजगारी घटली की महागाई वाढते, अशी उतरती रेघ उत्तरपत्रिकेत काढली की गुण मिळतात. मलाही मिळाले होते! पण अर्थतज्ज्ञ ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी १९५८ साली ब्रिटनचे १८६१ ते १९५७ या काळातले आकडे तपासले होते आणि तेही किमतींचे नव्हेत, मजुरीच्या दरातल्या बदलाचे, हे वर्गात कोणी सांगितल्याचे आठवत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी इशारा दिला की, लोक महागाई गृहीत धरू लागले की ही रेघ जागेवर राहणार नाही. १९७० च्या दशकात महागाई आणि बेरोजगारी ही दोन्ही संकटे एकदमच आली, आणि रेघेची पंचाईत झाली. एवढा रंगतदार वाद आपण एका आकृतीत कोंबतो.

आर्थिक विचारांचा इतिहास हा विषय बहुधा ऐच्छिक असतो, तोही शेवटच्या वर्षी. तो पहिल्याच वर्षी सक्तीचा करावा. हवे तर आकृत्यांचे दोन धडे कमी करा.

– अर्थशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी